हिंजवडीला नोकरी, मग घर कुठे?

सप्रेम नमस्कार,

आम्ही अमरावतीचे. माझ्या मिस्टरांना हिंजवडी फेज थ्रीमधल्या कंपनीत नोकरी लागली, ऑगस्टपासून ते तिथे पीजीत राहतात. येत्या उन्हाळ्यात आम्ही सगळे जाणार. मुलगी चौथीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी-इंग्रजी. मुलगा साडेतीन वर्षांचा. सासूबाईही सोबत येतील. मी राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. बदलीचा अर्ज दिलाय, पण शाखा कोणती मिळेल ते मे महिन्याच्या आधी कळायचं नाही.

ह्यांचं म्हणणं, ऑफिसजवळ माणला टॉवरमध्ये फ्लॅट बुक करून टाकू, समोरच शाळा येणार आहे. माझी बहीण कोथरूडला राहते. ती म्हणते, मुलांना शिकवायचं तर कोथरूडच. दीर म्हणतात, पोरगी हुशार आहे, सदाशिव पेठेतल्या प्रबोधिनीच्या परीक्षेला बसवा. मी 'टॉप टेन शाळा' अशा याद्या पाहिल्या, तर प्रत्येक यादीत वेगळ्याच शाळा. सीबीएसईत टाकावं की आहे तेच चालू द्यावं, तेही ठरत नाही. भाड्यासाठी महिन्याला ३० हजारांपर्यंत जमेल. मुलांच्या दृष्टीने चांगला भाग कोणता, सांगाल का?

— एक आई, अमरावती

ताई,

तुमच्या घरात प्रत्येक जण आपापल्या दारातून अंतर मोजतोय. मिस्टर ऑफिसपासून, बहीण स्वतःच्या घरापासून, दीर तर अमरावतीत बसून. पोरांच्या पायाने मोजायचं तेवढं राहून गेलंय.

माझं मत आधीच सांगते, मग कारणं. रोजचा लांबचा प्रवास घरातल्या मोठ्यांनी करायचा. मुलांची शाळा घरापासून वीस मिनिटांच्या आत हवी, आणि ही वीस मिनिटं सकाळी साडेसातच्या रहदारीतली धरायची. रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर नकाशा उघडून जी वेळ दिसते ती धरून घर घेतलेले अनेक जण आज वाकडच्या भूमकर चौकातल्या कोंडीत उभे आहेत.

शाळेच्या बसचं गणित बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. शाळा सात-आठ किलोमीटरवर असते, पण बस आधी पाच-सहा सोसायट्या फिरते. तुमचा थांबा पहिला आला तर पोर साडेसहाला गेटवर आणि पाऊण तास बसमध्ये. त्यामुळे शाळेच्या कार्यालयात 'बस आहे का' एवढंच विचारून भागत नाही. 'आमच्या सोसायटीचा थांबा कितवा, सकाळी कितीला आणि परत कितीला' असं विचारायचं. बसमध्ये मदतनीस बाई असते का, हेही त्याच दमात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत काढला खरा, पण बसची आणि दोन पाळ्यांची अडचण पुढे करून बऱ्याच शाळांनी त्यातून वाट काढली. तुमची लेक पाचवीत जाणार, म्हणजे ती त्या आदेशाच्या बाहेरच.

दिरांचा मुद्दा इथेच निकालात निघतो. सदाशिव पेठेतली ज्ञानप्रबोधिनी प्रशाला नावाजलेली आहे, पाचवीला चाचण्या घेऊन प्रवेश देतात, मुलीला त्या झेपतीलही. पण हिंजवडीच्या बाजूला राहून दहा वर्षांच्या मुलीला रोज पेठेत न्यायचं-आणायचं म्हणजे तिची संध्याकाळ रस्त्यावरच संपणार. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून खाली खेळायला पळण्याइतकी ताकद उरत नसेल, तर शाळा कितीही थोर असली तरी तो सौदा मला महागच वाटतो.

आता फ्लॅट. मिस्टरांना माझा निरोप द्या: पहिली दोन वर्षं बुकिंगचं नाव काढू नका. एक तर तुमची शाखा ठरलेली नाही. ती हडपसरला आली तर? घर एका टोकाला, बँक दुसऱ्या टोकाला, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला. दुसरं, 'समोर शाळा येणार आहे' या वाक्यातल्या 'येणार' शब्दावर फ्लॅट घेऊ नये. विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षित भूखंड म्हणजे कुंपण घातलेली मोकळी जागा. ती तशीच कितीतरी वर्षं पडून राहू शकते, आणि तोवर तिथे बिल्डरची खडी पडलेली असते. मेट्रोचंही तेच. माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मार्गाचं भूमिपूजन २०१८ च्या डिसेंबरात झालं आणि तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीत घर 'मेट्रोपासून पाच मिनिटांवर' आहे. आज तिकीट काढून ज्या स्थानकावर उतरता येतं तेवढंच स्थानक हिशेबात धरा.

भाड्याने राहा, आणि करार शक्यतो ११ ऐवजी २२ महिन्यांचा मागा. घरमालकाने ऐन सहामाहीत घर रिकामं करायला सांगितलं तर शाळाही हलते, हे भाडेकरू पालकांचं मोठं दुखणं आहे. करार नोंदणीकृतच हवा. हल्ली ऑनलाइन नोंदणी होते, बोटांचे ठसे घ्यायला माणूस घरी येतो. शाळा पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार मागते.

बोर्डाचं बघू. सीबीएसई की स्टेट, यावर पुण्यात लग्नं मोडतील इतके वाद होतात. तुमच्या बाबतीत मला ते फारसं अवघड वाटत नाही, कारण मुलगी पाचवीत जातेय. आपल्याकडच्या जुन्या शिक्षणसंस्थांमध्ये प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि माध्यमिक पाचवीला सुरू होते. तिथे पाचवीला तुकड्या नव्याने बसतात, निम्मा वर्ग नवीन असतो, आणि नव्या गावातून आलेली मुलगी एकटी पडत नाही. सीबीएसई शाळा पहिलीपासून दहावीपर्यंत सलग चालते. पाचवीत जागा निघते ती कोणी सोडून गेलं तरच. म्हणजे प्रतीक्षायादी, आणि वर्गात कित्येक वर्षांचे जुने गट आधीच जमलेले.

शिवाय तारखांचा घोळ आहे. सीबीएसईचं वर्ष एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. तुमच्या लेकीची वार्षिक परीक्षा तेव्हा अमरावतीत चालू असणार. २०२५ मध्ये राज्यात ती ८ ते २५ एप्रिल ठेवली होती. चौथीची परीक्षा सोडून पाचवीच्या वर्गात बसवणार का? स्टेट बोर्डाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात उन्हामुळे उशिरा उघडतात, २०२५ मध्ये इकडे १६ जून तर तिकडे २३ जून होती. म्हणजे लेकीची आठवडाभराची सुट्टी बुडणार. हे तिला आधीच सांगा, नाहीतर पुण्यावरचा पहिला राग तोच असेल.

तेव्हा मुलीला सेमी-इंग्रजीच चालू ठेवा. गणित-विज्ञान ती इंग्रजीत शिकतेच आहे. गाव बदललं, घर बदललं, मैत्रिणी सुटल्या, त्यात अभ्यासाची भाषाही बदलायची काही गरज नाही. एक लक्षात असू द्या, २०२३-२४ पासून राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर वर्ग तोच. तुमच्या मुलीला त्याची भीती नाही, पण पाचवीचं वर्ष रुळायला मोकळं ठेवावं ते यासाठीही. आठवीनंतर तिला स्वतःला बोर्ड बदलायचं असेल तर तेव्हा बघता येईल.

मुलाचं वेगळं. तो जूनमध्ये ज्युनिअर केजीत जाईल. ३१ डिसेंबरला चार वर्षं पूर्ण लागतात, त्याची होतात. केजीसाठी चालत जाता येईल अशी बालवाडी बघा, बस नकोच. मात्र दहावीपर्यंतची एखादी शाळा मनात भरली असेल, तर पहिलीला किती जागा नव्याने भरतात ते आत्ताच विचारा. पुष्कळ शाळा केजीतच भरून जातात आणि पहिलीला दोन-चार जागा उरतात. पुण्यातल्या खाजगी शाळांचे प्रवेश दिवाळीच्या आसपासच सुरू होतात, तेव्हा 'जूनला बघू' म्हणू नका.

आता त्या 'टॉप टेन' याद्या. त्या कशा बनतात हे सांगायला नको, जाहिरातीचा रंग लपत नाही. मीही शाळांची क्रमवारी लावून देणार नाही. पण चांगली शाळा ओळखायची कशी ते सांगते.

आधी ती शाळा कागदावर खरी आहे का ते बघा. 'सीबीएसई पॅटर्न' असा फलक दिसला की थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नाही, पुस्तकं तशी वापरतात एवढंच. संलग्नता क्रमांक मागा आणि सीबीएसईच्या 'सरस' संकेतस्थळावर ताडून बघा. कितवीपर्यंत मान्यता आहे तेही तिथेच दिसतं. स्टेट बोर्डाच्या शाळेचाही सरकारी नोंदणीचा ११ आकडी यूडायस क्रमांक असतो, तो सरकारच्या 'नो युवर स्कूल' पानावर टाकला की शाळेची कुंडली समोर येते: विद्यार्थी किती, शिक्षक किती, स्वच्छतागृहं किती. जिल्हा परिषद अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते, आणि त्यात चकचकीत इमारतीही असतात.

मग फी. तोंडी आकडा घेऊ नका, लेखी घ्या, आणि त्यात शिकवणी फी, टर्म फी, बस, पुस्तकं, गणवेश, सहल, 'ॲक्टिव्हिटी' सगळं वेगळं लिहिलेलं असू द्या. महाराष्ट्रात शुल्क नियमनाचा २०११ चा कायदा आहे. फीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. कार्यालयात शांतपणे विचारा, 'समितीची मान्यता कधी झाली?' उत्तर काय येतं यापेक्षा विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघा.

आणि शाळा बघायला 'ओपन हाउस'ला जाऊ नका, तेव्हा सगळंच गोड असतं. शाळा सुटताना जा. गेटसमोर अर्धा तास उभ्या राहा. मुलं बाहेर येताना बडबडत येतात की मान खाली घालून? शिक्षक गेटवर आहेत की फक्त शिट्टी वाजवणारा रखवालदार? रिक्षावाले काका किती मुलं कोंबतात? बाहेर थांबलेल्या आजी-आजोबांशी बोला. पालक शाळेची बाजू घेतात, कारण त्यांनी पैसे भरलेले असतात. आजोबा खरं सांगतात. आत गेलात तर पाचवीच्या दोन-तीन मुलांच्या वह्या मागा. मराठीची वही तर नक्कीच मागा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, पण काही ठिकाणी ती फळ्यावरून उतरवून घेण्यापुरतीच असते. वहीत मुलाचं स्वतःचं एक तरी वाक्य दिसतंय का बघा. एका तुकडीत किती मुलं आणि गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, हे दोन प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा. दुसऱ्या प्रश्नावर ज्या शाळेत चुळबुळ होते तिथून मी तरी पाय काढता घेईन.

एवढं झालं की भाग. एकेक करून जाऊ.

माण आणि फेज थ्री: मिस्टरांना दहा मिनिटांत ऑफिस, बाकी सगळ्यांना त्रास. हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातली गावं. इथे टॉवर आधी आले, रस्ते आणि पाणी मागून येतंय. दिवसभर डंपर आणि सिमेंट मिक्सर फिरतात. दहा वर्षांच्या मुलीला सायकलवर कोपऱ्यापर्यंतसुद्धा सोडता येणार नाही, सासूबाईंना संध्याकाळी पाय मोकळे करायचे तर सोसायटीच्या आतच गोल गोल. एकट्या तरुण मुलांना तो भाग सोयीचा आहे, तुम्हाला नाही.

वाकड, ताथवडे, पुनावळे: हिंजवडीत काम करणाऱ्यांची बहुतेक बिऱ्हाडं इथे. सीबीएसई शाळा भरपूर, घरं नवी, बजेटात बसणारी. पण या पट्ट्यातून मुंबई-बेंगळुरू महामार्ग जातो आणि सगळं दुखणं त्याच्या भुयारी मार्गांत आहे. एकच नियम पाळा: घर आणि शाळा महामार्गाच्या एकाच बाजूला. समोर दिसणारी शाळा पलीकडे असेल तर ती दोन किलोमीटरवर असूनही अर्ध्या तासाची आहे, आणि पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचलं की तेवढंही सांगता येत नाही.

पिंपळे सौदागर मला वाकडपेक्षा उजवं वाटतं. रस्ते रुंद, बागा, कोकणे चौकाच्या आसपास सगळं चालत मिळतं, शेजारी देशभरचे. मुलं संध्याकाळी खाली दिसतात. मात्र इथल्या शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या, सेमी-इंग्रजीचे पर्याय थोडे.

बाणेर-बालेवाडी छान आहे, टेकडी आहे, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं क्रीडासंकुल आहे. पण ३० हजारांत तिथे चार-पाच जणांचं घर शोधणं म्हणजे ओढाताण. औंधचंही तेच.

कोथरूड. बहीण चुकीचं सांगत नाही. जुन्या मराठी शाळा, नाट्यगृह, क्लास, वाचनालयं, रस्त्यावर मराठी कानावर पडणारं, वनाजपासून २०२२ पासून मेट्रो. अडचणी दोन. फेज थ्री तिथून १८-२० किलोमीटर. चांदणी चौकाचे नवे पूल २०२३ मध्ये खुले झाल्यावर तो चौक सुटला, पण मिस्टरांना पुढे वाकडच्या अलीकडे अडकायचंच आहे. दुसरी अडचण घरांची. तुमच्या बजेटात मिळतील ती बरीच घरं जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत, आणि अशा इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. भाड्याने घेताना 'सोसायटीचा बिल्डरशी करार झालाय का' हे सेक्रेटरीला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. दिवाळीत राहायला गेलेल्यांना उन्हाळ्यात सामान बांधावं लागलंय.

आणि एक भाग तुमच्या पत्रात आलाच नाही: निगडी प्राधिकरण. माझा कौल तिकडे आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने आखलेली ही वसाहत. सेक्टर पाडलेले, रस्ते सरळ, दोन्ही बाजूंना पन्नास वर्षांची झाडं, चार-पाच मजली सोसायट्या आणि बंगले. चाळीस मजली दिमाख नाही, आणि तेच बरं आहे. सकाळी सातला इथे मुलं दप्तर घेऊन चालत शाळेत जाताना दिसतात, जे दृश्य हिंजवडीच्या बाजूला औषधालाही नाही. प्राधिकरण आणि शेजारच्या चिंचवडमध्ये मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळांची जुनी परंपरा आहे. ज्ञानप्रबोधिनीचं नवनगर विद्यालयसुद्धा निगडीतच आहे. दिरांना प्रबोधिनीच हवी असेल तर त्यांना तेवढं सांगा. दुर्गा टेकडी जवळ, बागा जवळ, आणि ज्येष्ठ मंडळींचा कट्टा तर प्रत्येक बागेत. सासूबाईंना तिसऱ्या दिवशी मैत्रीण मिळेल.

मिस्टरांना तिथून रावेतमार्गे १५ किलोमीटरच्या आसपास जावं लागेल, गर्दीच्या वेळी पाऊण तास ते तास. त्यांची कुरकुर होणार. होऊ द्या. ते चाळिशीकडे झुकलेले आहेत, गाडीत गाणी ऐकू शकतात आणि आठवड्यातून एखाद-दोन दिवस घरून काम मागू शकतात. पोरांना शाळेत 'वर्क फ्रॉम होम' नसतं. तुमच्या बँकेच्या बाजूनेही हे ठिकाण सोयीचं. आकुर्डी स्थानकावरून पुणे-लोणावळा लोकल मिळते, तीच चिंचवड, पिंपरी, शिवाजीनगरला जाते, आणि पिंपरीहून स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे. शाखा कुठेही मिळाली तरी बहुधा गाडी बदलून पोचता येईल.

पाण्याचं मात्र बजावून सांगते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येतं, प्राधिकरण त्याला अपवाद नाही. टाक्या मोठ्या असलेल्या सोसायटीत जाणवत नाही, लहान असलेल्या ठिकाणी सकाळची शाळा आणि रिकामी टाकी एकाच वेळी समोर येतात. घरमालक 'पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही' असंच म्हणणार. तुम्ही खाली येऊन रखवालदाराला विचारा, 'एप्रिलमध्ये रोज किती टँकर येतात?' आणि पिण्याचं पाणी कुठलं: पालिकेचं, बोअरचं की टँकरचं? २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावर नांदेड गाव, किरकटवाडीच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट गेलं. लहान मुलं आणि सासूबाई घरात असताना हा प्रश्न स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा महत्त्वाचा. मुळा-पवनेच्या काठची घरं बघत असाल तर पूररेषाही विचारा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. कागदावर काहीही असो, तळमजल्यावरच्या भिंतीवर ओलीची खूण दिसते.

घरं बघायला शनिवार-रविवारी येऊ नका. डिसेंबरात दोन दिवस रजा टाकून मधल्या वारी या, आणि मुलीला सोबत आणा. मिस्टरांना सकाळी आठला प्राधिकरणातून ऑफिसला जायला सांगा आणि संध्याकाळी सहाला परत. एकदा त्यांनी स्वतः ते अंतर कापलं की फोनवर वाद घालायला कमी उरेल. तुम्ही तोवर दोन शाळा बघा आणि संध्याकाळी पाच ते सात एखाद्या सोसायटीच्या मैदानात बसा. दहा-बारा वर्षांची मुलं, विशेषतः मुली, मोठ्यांशिवाय खाली खेळतायत का, ते बघायचं. मैदानात चारचाकी लावलेल्या असतील तर ब्रोशरमध्ये काहीही छापलेलं असो, त्या सोसायटीत मुलांसाठी जागा नाही. मुलीला कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा आणायला पाठवा आणि लांबून बघा. ती न घाबरता रस्ता ओलांडून आली तर घर अर्धं ठरलं.

प्राधिकरण पाहून मन नाही रमलं, तर पिंपळे सौदागरला जा. त्याच्यानंतर कोथरूड. बहिणीजवळ राहण्याचं सुख मी कमी लेखत नाही. तुमची शाखा शहराच्या मध्यावर आली आणि मिस्टरांना रोजचा तास-सव्वा तास चालणार असेल, तर लिफ्टवालं घर शोधून खुशाल तिकडे राहा.

कागदांचं शेवटी सांगते, कारण सगळे ते शेवटीच करतात. पुण्याचा प्रवेश पक्का झाल्याशिवाय अमरावतीच्या शाळेतून दाखला काढू नका. शाळा सोडल्याचा दाखला, चौथीचं प्रगतिपुस्तक, जन्मदाखला, आधार, आणि शाळेच्या ऑनलाइन नोंदीतला मुलीचा विद्यार्थी क्रमांक, एवढं एका फाइलमध्ये ठेवा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही, शिक्षणहक्क कायद्यात तशी तरतूद आहे. खाजगी शाळा मात्र दाखला हातात आल्याशिवाय हजेरीपटावर नाव घ्यायला कुरकुर करतात. आणि मुलीचं नाव जन्मदाखल्यावर, आधारवर आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये एकसारखं आहे का, ते याच आठवड्यात बघून घ्या. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीपायी दोन चकरा होतात, आणि मे महिन्यात आधार केंद्रांवर रांगा लागतात.